अंतराळयानातून सैनिकांची तुकडी तासाभरात जगात कुठेही उतरवता येईल का?

तुमचा प्रश्न असा आहे की स्पेसएक्स कंपनीच्या स्टारशिपसारखे यान १०० टन वजन उचलणार असेल, तर विमानांऐवजी त्यातून सैनिक का पाठवू नयेत. पाठवता येतील, भौतिकशास्त्राची आडकाठी नाही. पण 'तासाभरात' हा हिशेब फक्त उड्डाणाचा आहे, आणि सैन्याला उशीर होतो तो बहुतेक वेळा जमिनीवर.

अमेरिकेच्या ८२ व्या एअरबोर्न डिव्हिजनमधली तातडीची फौज कायम तयारीत असते. तरीही तिचा दंडक हुकूम मिळाल्यापासून १८ तासांत पहिली विमाने उडवण्याचा आहे. माणसे गोळा करणे, दारूगोळा वाटणे, सामान बांधणे, कुठे आणि कशासाठी जायचे ते समजावून देणे, यात ते तास जातात. आपले उदाहरण घ्या. ३ नोव्हेंबर १९८८ च्या पहाटे मालदीवमध्ये बंड झाले आणि त्याच रात्री आग्र्याहून निघालेली आयएल-७६ मालवाहू विमाने राजधानी मालेजवळच्या हुलहुले बेटाच्या धावपट्टीवर उतरली. अंतर साधारण अडीच हजार किमी, उड्डाण जेमतेम चार तासांचे. बाकीचा दिवस निर्णयात आणि जुळवाजुळवीत गेला. रॉकेट असते तर फार तर साडेतीन तास वाचले असते, आणि रॉकेटची स्वतःची तयारी वर आली असती. स्पेसएक्सच्याच क्रू ड्रॅगन यानात चार माणसे उड्डाणाच्या सुमारे अडीच तास आधी जागेवर बसतात, शेवटच्या ३५ मिनिटांत इंधन भरतात, आणि वरच्या थरातला वारा बिघडला की सगळे उद्यावर.

आता मार्ग. 'कक्षेत जायचे नाही, नुसती झेप घ्यायची, म्हणजे ते स्वस्त पडेल' हा समज चुकीचा आहे. १०,००० किमी जाणारे क्षेपणास्त्र हजार किमीहून उंच चढते आणि २०-२२ अंशांच्या कोनात वातावरणात घुसते. त्या कोनात नुसत्या खाली पडत येणाऱ्या वस्तूला ५० जीच्या, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या ५० पटीच्या आसपास झटका बसतो. माणसे जिवंत पोहोचवायची तर प्रवेशाचा कोन एक-दोन अंशांवर आणावा लागतो, म्हणजे मार्ग सपाट आणि वेग जवळजवळ कक्षेइतका, सेकंदाला साडेसात किमीहून जास्त. इंधनात बचत शून्य. अर्धी पृथ्वी ओलांडायला वेळ मात्र खरोखर ४०-४५ मिनिटे.

त्यातही चूक महागात पडते. रशियाचे सोयूझ यान उतरताना नेहमी ४ जीच्या आसपास झटका बसतो. एप्रिल २००८ मध्ये सोयूझ टीएमए-११ चा एक भाग वेळेवर सुटला नाही, यान तीव्र मार्गाने खाली आले, आतल्या तिघांना ८ जी सोसावे लागले आणि ते ठरलेल्या जागेपासून ४०० हून अधिक किमी लांब पडले. कझाकस्तानच्या गवताळ माळावर हे निभावले. सैनिकांची कंपनी शत्रूच्या हद्दीत ४०० किमी चुकली तर ती संपलीच.

खरी अडचण उतरण्यात आहे. स्टारशिपचा वरचा टप्पा सुमारे ५० मीटर उंच. खाली इंधनाच्या टाक्या, वर माणसांची जागा, त्यामुळे दार जमिनीपासून तीसेक मीटरवर, म्हणजे दहाव्या मजल्यावर. समजा बाजूला लिफ्ट लावली, एका खेपेत ८ जण आणि खेपेला ३ मिनिटे. १०० सैनिक उतरायला १३ खेपा, ४० मिनिटे. जितका वेळ अर्धी पृथ्वी ओलांडायला लागला, तितकाच शेवटच्या ३० मीटरांना. त्या वेळात टाक्यांत उरलेला मिथेन आणि द्रव ऑक्सिजन बाहेर सोडावा लागतो, आणि लिफ्ट अडकली तर पुढे काय याचे उत्तर दोरीशिवाय दुसरे नाही.

जमीनही हवी तशी हवी. २० एप्रिल २०२३ च्या स्टारशिपच्या पहिल्या उड्डाणात खालच्या टप्प्याच्या इंजिनांनी टेक्सासमधल्या बोका चिकातल्या तळाचे काँक्रीट उखडून दूरवर फेकले. उतरताना इंजिने मोजकीच चालतात हे खरे. पण काळ्या मातीच्या रानात तेवढीही खड्डा खणायला पुरेत. दगडगोटे उडून इंजिनांनाच लागणार, आणि एक पाय हातभर खचला तरी ५० मीटरचे धूड कलंडणार. शिवाय येताना दणके ऐकू येतात, आणि शेवटच्या मिनिटाला वेग ताशी तीनशे किमीच्या आसपास असतो. खांद्यावरून डागायच्या क्षेपणास्त्राला याहून सोपे लक्ष्य कुठले?

म्हणजे उतरण्यासाठी सपाट, पक्का आणि आपल्या ताब्यातला तळ हवा. असा तळ असेल तर तिथे सी-१७ हे मालवाहू विमान पण उतरते, त्याला हजारेक मीटरची धावपट्टी पुरते. ते १०२ छत्रीधारी सैनिक नेते, मागचे दार उघडले की वाहने चालत बाहेर येतात, आणि काम झाले की ते परत उडते. स्टारशिपला परत उडवायचे तर सुमारे १,२०० टन इंधन, त्यात ९०० हून अधिक टन द्रव ऑक्सिजन. २० टनी टँकर धरले तर ६० टँकर. एरवी यान तिथेच सोडून द्यायचे, शत्रूला अभ्यासासाठी.

धोक्याचा हिशेबही करून बघा. अमेरिकेची स्पेस शटल १३५ वेळा उडाली, दोन नष्ट झाली, १४ माणसे गेली. तेवढाच धोका धरून १० याने पाठवली, तर त्यातले निदान एक गमावण्याची शक्यता १४ टक्के येते. सरावासाठी तरी कोणता सेनापती ही परवानगी देईल?

तसेच अशी दहा उड्डाणे एकदम झाली की समोरच्या देशाच्या उपग्रहांना तो क्षेपणास्त्रांचा हल्ला दिसतो. २५ जानेवारी १९९५ ला नॉर्वेतून ध्रुवीय प्रकाशाच्या संशोधनासाठी एक रॉकेट सुटले, पूर्वसूचनाही दिलेली होती, तरी रशियाच्या अध्यक्षांपुढे अण्वस्त्रे डागण्याचा हुकूम देण्याची पेटी उघडली गेली. आगाऊ कळवावे तर अचानकपणा गेला. १९६७ चा अंतराळ करार मात्र इथे आड येत नाही. त्यात कक्षेत अण्वस्त्रे ठेवण्याला बंदी आहे, सैनिकांच्या प्रवासाला नाही.

सैनिक आधीच कक्षेत ठेवले तर? ते आणखी वाईट. कक्षा दर फेरीला पृथ्वीवर सुमारे २२-२३ अंश पश्चिमेला सरकते, त्यामुळे ठरावीक ठिकाण मार्गाखाली येण्याची अर्ध्या-अर्ध्या दिवसाने वाट पाहावी लागते. आणि काही महिने वजनरहित राहिलेल्या माणसाला कुपीतून उचलून बाहेर काढतात. तो लढणार काय?

कल्पना जुनी आहे. साठच्या दशकात डग्लस कंपनीच्या फिलिप बोनो यांनी 'इथाकस' हे १,२०० सैनिकांचे रॉकेट कागदावर आखले होते. २००२ मध्ये अमेरिकी मरीन कोअरने १३ जणांची तुकडी दोन तासांत कुठेही पोहोचवण्याची गरज लिहून ठेवली. यान कधीच बनले नाही. २०२१ पासून अमेरिकी हवाई दलाचा 'रॉकेट कार्गो' कार्यक्रम सुरू आहे, त्यात भर मालावर आहे. त्याच्या चाचण्यांसाठी प्रशांत महासागरातल्या जॉन्स्टन बेटावर उतरण्याचे तळ बांधायचे ठरत होते, पण तिथल्या समुद्रपक्ष्यांच्या वसाहतींवरून विरोध झाल्याने २०२५ मध्ये ते काम थांबवले.

मालाच्या बाबतीत मात्र मी इतका नकारार्थी नाही. अडकलेल्या जहाजाचा एखादा सुटा भाग, रक्ताच्या पिशव्या किंवा भूकंपानंतर वीज-संपर्काचे संच आपल्याच तळावर तासाभरात पोहोचवणे पुढच्या काही वर्षांत जमू शकेल. माल ८ जी सोसतो आणि एखादी खेप जळाली तर अंत्ययात्रा निघत नाही. भारतापुरते बोलायचे तर गगनयानाची कुपी तिघांसाठी आहे आणि ती समुद्रात उतरणार आहे. उद्या पुन्हा मालदीवसारखा फोन आला तर दिल्लीजवळच्या हिंडन हवाई तळाची सी-१७ आणि सी-१३०जे ही विमानेच उत्तर आहेत, आणि तिथे वेळ वाचवायचा असेल तर तो तुकडीच्या तयारीच्या तासांतून काढावा लागेल.