निळा रंग वाफेनंतर बघ

प्रश्न : ताई, मी वस्त्र-डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला आहे, घर इचलकरंजीत. सुती ओढणीसाठी मोरपिसांची नक्षी केली. संगणकावर निळा झळझळीत दिसत होता, पण डिजिटल प्रिंटरमधून कापड बाहेर आलं ते मळकट. घाबरून फाइलमधला निळा गडद केला आणि पुन्हा छापून घेतलं. आठवड्याने तयार ओढणी हातात आली ती इतकी भडक, की गळ्यात घ्यावीशी वाटेना. कुठे चुकलं? आणि घरी हीट प्रेस, म्हणजे तापवून-दाबून कापडावर छाप उतरवायचं यंत्र, घेतलं तर सराव होईल का?

उत्तर : अगं, तुझा पहिलाच निळा बहुतेक बरोबर होता. तू तो वाफेआधी पाहिलास.

सुती कापडावर रिअ‍ॅक्टिव्ह शाईने छापलं असणार. प्रिंटरमधून बाहेर पडते तेव्हा ही शाई धाग्यावर नुसती बसलेली असते. छपाईआधी कापडाला अल्जिनेटची खळ, युरिया आणि सोडा लावलेला असतो. अल्जिनेटमुळे शाई पसरत नाही, युरिया ओलावा धरतो. मग साधारण १०२ अंशांच्या वाफेत आठ-दहा मिनिटं कापड राहिलं, की सोड्याच्या साथीने रंग धाग्याशी जोडला जातो. निळा तिथे खुलतो. धुलाईत खळ आणि न बसलेला रंग निघून गेला, की खरा रंग दिसतो. त्याआधी फाइलला हात लावायचा नाही.

धुलाईलाही कमी लेखू नकोस. शिकत असताना मी कापडाच्या पांढऱ्या जमिनीवर लाल बुट्टे छापले होते. वाफ छान बसली होती, पण पहिलंच पाणी कढत घेतलं. सुटलेला लाल पसरून सहा मीटरची जमीन गुलाबी झाली. त्या दिवशी मी खूप रडले. आधी गार पाणी, तेही बदलून बदलून, आणि मग साबणाचं गरम पाणी, हे तेव्हापासून पक्कं झालं.

आता एक काम कर. ज्या कापडावर ओढणी करायची त्याच कापडावर दोन-दोन सेंटिमीटरचे चौकोन छापून घे. निळ्याच्याच तीस-चाळीस छटा घे, प्रत्येकीखाली त्या रंगाचा फाइलमधला आकडा. वाफ, धुलाई, इस्त्री झाल्यावर दिवसाच्या उजेडात त्यातून रंग निवड. पडद्यावर उजेडाचा रंग असतो, कापडावर शाईचा. पडद्यावरचे काही निळे शाईत येतच नाहीत. त्याच कापडावर १० सेंटिमीटरचा चौकोनही छाप आणि धुतल्यावर मोज. लांबीत ९.६ भरला, तर तुझं गोल मोरपीस चपटं होणार. तेवढी लांबी फाइलमध्ये आधीच वाढवायची. हे तुकडे तारीख घालून वहीत चिकटव. माझ्या अशा वह्या मी अजून उघडते.

हीट प्रेस आत्ता घेऊ नकोस. त्यावर वापरतात ती सब्लिमेशनची शाई साधारण २०० अंशांवर वाफ होऊन पॉलिस्टरमध्ये शिरते, सुती कापडावर ती टिकत नाही. तुझा जीव सुतात आहे, तर एखाद्या कारखान्यात वाफेच्या आणि धुलाईच्या खात्यात पंधरा दिवस उभं राहू देतात का, ते विचार. तिथले कामगार ओल्या कापडावरून रंग ओळखतात.

पहिल्या निळ्याची फाइल ठेवली आहेस ना? त्याचा हातभर तुकडा पुन्हा छापून घे आणि त्याच दिवशी वाफेला लाव.