दार लागले, की लावले?

प्रश्न : लहानपणी नात्यातल्याच एका माणसाने माझे लैंगिक शोषण केले. आता, वीस वर्षांनी, मी त्याविषयी कविता लिहू लागले आहे. परंतु त्या वाचताना दुसऱ्याच कुणाच्या वाटतात. एका ज्येष्ठ कवींनी ‘धीट व्हा, ‘ती’ सोडून ‘मी’ लिहा’ असे सुचवले. तसे लिहायला बसले की रात्रभर झोप लागत नाही. माझा आवाज मला सापडेल का?

उत्तर : तुम्ही सोबत पाठवलेल्या तिन्ही कविता मी वाचल्या. त्यांत ‘दार लागले’, ‘दिवा विझला’, ‘हाक घशातच राहिली’ अशा ओळी आहेत. ओळी चांगल्याच आहेत, पण त्यांत सगळे आपोआप घडते. दार लावणारा हात कुठेच दिसत नाही. कविता परक्या वाटतात त्या ‘ती’मुळे नव्हे, तर कर्ता गाळल्यामुळे, असे मला वाटते. ‘त्याने दार लावले’ हे वाक्य तुम्ही एकदा, केवळ स्वतःसाठी, लिहून पाहावे. त्यानंतर कवितेत ‘ती’ ठेवायची की ‘मी’, हा निर्णय धीटपणाचा उरत नाही, कारागिरीचा होतो. आणि तो सर्वस्वी तुमचा आहे, त्या ज्येष्ठांचा नाही. (धीट होण्याचा सल्ला देणाऱ्याला त्याची किंमत सहसा मोजावी लागत नाही.)

झोप उडण्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते. जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आयुष्यातील आघाताविषयी लिहायला सांगितले होते. ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, त्यांचे मन लिहून होताच अधिक खिन्न झाले. मात्र पुढच्या सहा महिन्यांत आरोग्य केंद्रात जाण्याची गरज त्यांना तुलनेने कमी पडली. लिहिण्याला अशी वेळेची मर्यादा होती, हे मला महत्त्वाचे वाटते. तुम्हीही रात्री न लिहिता दिवसा, घड्याळ लावून लिहा आणि हे लेखन कवितेच्या वहीत करू नका. त्याला वृत्त, प्रतिमा, वाचक यांपैकी कशाचेही ओझे नको. मात्र प्रसंग पुन्हा घडतो आहे असे वाटू लागले, किंवा अस्वस्थता दिवसेंदिवस वाढत गेली, तर लेखन थांबवून आघातावर काम करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्या. कविता उपचाराची जागा घेऊ शकत नाही आणि तिच्यावर ते काम लादले की ती बिघडते.

काही आठवड्यांनी त्या खासगी वहीतील एखादे वाक्य उचलून कवितेत आणा; बहुधा ते सर्वांत साधे वाक्य असेल. ते मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळेल, तिथे तुम्ही दुसऱ्या कुणाचा तरी शब्द उसना घेतला आहे का, ते तपासा. प्रसिद्धीचा विचार त्यानंतर करावा, कारण नात्यातली माणसे कविता ओळखतील आणि त्या दिवशी तुमच्या बाजूने कोण उभे राहील, हे तुम्हाला आधीच ठाऊक असायला हवे.