न्यू जर्सीत पाणथळ जागी दिसलेली जांभळी व्हायोलेट नेमकी कोणती? फोटोवरून झाड ओळखणारं अ‍ॅप 'व्हायोला सोरोरिया' सांगतंय, खरं मानू का?

नका मानू. बूट रुतेल अशा चिखलात उभी आणि फुलं पानांच्या चांगली वर काढलेली, म्हणजे ती बहुतेक व्हायोला क्युक्युलाटा. सोरोरिया ती लॉनवाली, जिला १९७१ साली कायद्याने या राज्याचं फूल केलं आणि जी आपण दर वसंतात तण म्हणून उपटतो.

माझ्या दिरानेही असंच अ‍ॅप नाकासमोर धरलं होतं. मे महिना, घरामागचा ओढा. "वहिनी, सोरोरिया. विषय संपला." मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलंय हे आमच्या घरात फक्त ग्रोसरीत शेपू की बडीशेप हे ठरवायच्या वेळी आठवतं. मी सरळ गुडघे टेकले. सलवार पोटरीपर्यंत चिखलात. भिंग डोळ्याला लावलं आणि फुलाच्या बाजूच्या पाकळीत डोकावले. तिथे घशाशी केसांचा झुपका असतो. सोरोरियाचे केस लांबट, बारीक. इथे प्रत्येक केस आखूड आणि टोकाला फुगलेला, काडेपेटीतल्या काडीला गूल असतं तसा. खालची, मागे पिशवी असलेली पाकळी बिनकेसांची. घशाभोवती रंग गडद. म्हणजे क्युक्युलाटाच.

भिंग पुढे केलं तर म्हणतो, "नको, पँट खराब होईल." संध्याकाळी फॅमिली ग्रुपवर माझा चिखलातला फोटो, खाली 'वहिनींचं तण-संशोधन'. सासूबाईंनी त्यावर अंगठा टाकला.

वरून काढलेल्या फोटोत हे केस दिसतच नाहीत. मग अ‍ॅप काय करणार, गल्लीत सगळ्यांना माहीत असलेलं नाव ठोकून देतं. फोन वाकत नाही, माणसाने वाकावं लागतं.

हां, एक राहिलं. सोरोरियाही ओलीत येते, आणि या दोघींचा संकरही होतो. शिवाय मोसम सरत आला की पानं वाढून फुलांना गाठतात, तेव्हा नुसत्या उंचीवर जाऊ नका. म्हणजे माझं वरचं 'नका मानू' जरा सैल धरा. केस बघितल्याशिवाय मीही पैज लावणार नाही. राखीव जागेत असाल तर फूल तोडू नका, भिंग फुलापाशी न्या.

दहापट मोठं दाखवणारं भिंग पंधरा-वीस डॉलरला मिळतं. दिराला वाढदिवसाला तेच दिलं. अजून खोक्यातच आहे.