भाच्याचा चित्रपट आणि तुमची सही

प्रश्न: मी श्रीरामपूर तालुक्यातला निवृत्त मुख्याध्यापक, वय ६०. पेन्शन ४१ हजार. निवृत्तीच्या ४० लाखांपैकी २५ एफडीत, ९ म्युच्युअल फंडात आहेत. माझा भाचा आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या गावजीवनावर मराठी चित्रपट करतो आहे. बजेट ७० लाख. मी १२ लाख घालायचे, दीड वर्षात १८ मिळतील असे तो म्हणतो. महाराष्ट्रातला सगळा ख्रिस्ती समाज चित्रपट बघेल, शिवाय सरकारी अनुदान आणि ओटीटी आहेच. अमेरिकेत एका चर्चच्या चित्रपटाने मोठा गल्ला केला, असे उदाहरणही तो देतो. १२ लाख एफडी मोडून द्यावेत की फंडातून? भाचा, त्याचे दोन मित्र आणि मी अशा भागीदारीपत्रावर मागच्या महिन्यात सही केली, माझे नाव नावापुरतेच आहे. फर्मला पतसंस्थेचे २५ लाखांचे कर्ज मंजूर होत आले आहे. बँकेतून घेतलेल्या गॅरंटीड योजनेचा दरसाल ३ लाखांचा हप्ता चित्रपटाच्या पैशातून भागेल. त्या योजनेचा बाँड गेल्या आठवड्यात पोस्टाने आला.

उत्तर: सर, एफडी की फंड हे नंतर बघू. मला काळजी वाटते ती तुमच्या पत्राच्या शेवटच्या चार वाक्यांची.

भागीदारीत ‘नावापुरता’ असा भागीदार नसतो. भागीदारी कायदा १९३२ चा आहे आणि त्याचे कलम २५ सांगते की फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार एकत्रितपणे आणि एकेकटाही जबाबदार असतो. म्हणजे २५ लाख थकले तर पतसंस्था तुमच्याकडे चौथा हिस्सा मागेल असे नाही. ज्याच्याकडे पैसे सापडतील त्याच्याकडून ती सगळे वसूल करू शकते. तुम्हा चौघांत एफडी कोणाची आहे? तुमची. सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला निघाला की पुढची पायरी जप्तीची. पेन्शनला कायद्याने जप्तीपासून संरक्षण आहे, एफडीला आणि फंडाला नाही. कॅमेऱ्याचे भाडे, लाइट, जेवणाचा कंत्राटदार, कलाकारांचे राहिलेले पैसे, ही उधारीही त्यातच आली. तुम्ही १२ लाखांच्या जोखमीचा विचार करत आहात, पण सही तुम्ही सगळ्या ३४ लाखांवर केली आहे.

म्हणून या आठवड्यात पतसंस्थेला लेखी पत्र द्या: या कर्जाला माझी संमती नाही, मी सहकर्जदार किंवा जामीनदार राहणार नाही. पोच घ्या. कर्ज अजून वाटले गेलेले नाही, हे तुमचे नशीब. त्यानंतर वकिलाकडून भागीदारीतून निवृत्तीचा करार करून घ्या, बाकी तिघांच्या सह्यांसह. निवृत्तीची जाहीर नोटीसही द्यावी लागते: फर्म नोंदणीकृत असेल तर रजिस्ट्रारकडे, शिवाय राजपत्रात आणि जिल्ह्यात खपणाऱ्या एका मराठी दैनिकात. नोटिशीशिवाय नुसते ‘मी बाहेर पडलो’ म्हणून भागत नाही. आजवर झालेल्या उधारीतून या नोटिशीनेही सुटका होत नाही, तेव्हा तिची यादी भाच्याकडून लिहून घ्या. भाच्याला हे घरी बसवून, मामीसमोर सांगा. त्याला व्यवसायच करायचा असेल तर मर्यादित जबाबदारीची भागीदारी, म्हणजे एलएलपी, काढावी. तो कायदा २००८ पासून आहे.

आता ती गॅरंटीड योजना, म्हणजे खरे तर विमा पॉलिसी. तुम्ही पाठवलेल्या फोटोप्रमाणे दहा वर्षे दरसाल ३ लाख, म्हणजे ३० लाख भरायचे आणि विसाव्या वर्षाअखेर ५५ लाख घ्यायचे. तेव्हा तुम्ही ८० वर्षांचे असाल. आकडा मोठा दिसतो, परतावा वर्षाला जेमतेम ४ टक्के पडतो. ज्येष्ठ नागरिक बचत योजना सध्या ८.२ टक्के देते. निवृत्त माणसाला, ज्याची कमाई थांबली आहे, दहा वर्षांचा हप्ता गळ्यात बांधणे हा सल्ला नव्हे, विक्री आहे, आणि मला त्याचा संताप येतो. बाँड, म्हणजे पॉलिसीचा कागद, हातात आल्यापासून ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी आणि त्या दिवसांच्या विमा संरक्षणाचा किरकोळ खर्च वजा होऊन पैसे परत मिळतात. बाँड गेल्या आठवड्यात आला म्हणजे मुदत शिल्लक आहे. बँकेतल्या मॅडम ‘एक वर्ष थांबा, मग बघू’ म्हणतील. थांबू नका. अर्ज विमा कंपनीला लेखी आणि ईमेलने द्या, पाकिटावरची पोस्टाची तारीख जपून ठेवा.

आणि तो चित्रपट. कथा तुम्ही चार ओळींत लिहिली आहे: शाळेच्या दाखल्यावर एक ओळख, चर्चच्या नोंदवहीत दुसरी, आणि या दोन कागदांच्या मध्ये अडकलेला मुलगा. अनुसूचित जातींबाबतच्या राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. नगर जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत हा प्रश्न रोज जेवायला बसतो, आणि मराठी पडद्यावर तो फारसा येत नाही. हा चित्रपट व्हावा असे मला मनापासून वाटते. कीर्तनाच्या प्रसंगात ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजने घेणार असाल तर त्या शब्दांचे हक्क विकत घ्यावे लागणार नाहीत. टिळक १९१९ मध्ये वारले, मुदत कधीच संपली.

पण हिशेब करू. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती साधारण १०.८ लाख. त्यांत मुंबई-ठाण्याकडचे कोकणी, मल्याळी, तमिळ, इंग्रजी बोलणारे खूप. तरी धरा, वीस जणांत एकाने तिकीट काढले: ५४ हजार तिकिटे. दीडशे रुपयांनी ८१ लाख. १८ टक्के जीएसटी गेला, राहिले ६९. चित्रपटगृह साधारण निम्मे ठेवते, राहिले ३४. जाहिरात, वितरक आणि डिजिटल प्रक्षेपणाचे भाडे मिळून २० धरा. हातात १४ लाख, खर्च ७०. आणि ५४ हजार तिकिटे हाच छोट्या मराठी चित्रपटासाठी चांगला आकडा आहे. श्रीरामपूर, नेवाशाच्या खेड्यातून माणूस मंगळवारी दुपारी साडेबाराच्या खेळाला येईल, असे गृहीत धरता येत नाही.

अनुदान चित्रपट पूर्ण होऊन, सेन्सॉर होऊन, परीक्षण समितीने दर्जा दिल्यावर मिळते. ते कर्ज फेडायला वेळेवर येत नाही. ओटीटीवाले छोट्या मराठी चित्रपटाला आगाऊ ठरलेली रक्कम क्वचित देतात, बहुतेकदा किती पाहिला गेला त्यावर पैसे मिळतात.

भाच्याने तुम्हाला सांगितलेले अमेरिकेचे उदाहरण खरे आहे. जॉर्जियातल्या आल्बनी गावच्या एका बाप्टिस्ट चर्चने सुमारे एक लाख डॉलरांत केलेल्या चित्रपटाने २००६ मध्ये सुमारे एक कोटी डॉलरांचा गल्ला केला. पण तिथे काम करणारी बहुतेक माणसे चर्चमधलीच, बिनपगारी होती, पैसा देणग्यांचा होता आणि देशभर पोहोचणारा वितरक मिळाला होता. कोणा निवृत्त मामाला दीडपटीचे वचन दिलेले नव्हते.

भाच्यानेही तसेच करावे. पटकथा कापून, गावातलीच माणसे आणि घरे घेऊन बजेट २० लाखांवर आणावे. चित्रीकरणाआधी मंडळ्यांकडून सभागृहातल्या खेळांची लेखी मागणी घ्यावी. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेत दाखवायचा विचार असेल तर ती कॅथलिकांची यात्रा आहे, तिथली परवानगी वेगळी, हेही आधीच बोलून घ्यावे.

तुम्ही दीड लाख द्या, देणगी म्हणून, परत न येणारे, बचत खात्यातून. पॉलिसीचे ३ लाख परत आले की मामींचा आरोग्यविमा बघा. पत्रात त्याचा उल्लेखच नाही. मग एफडीतले २० लाख, त्यांची मुदत संपेल तसे, ज्येष्ठ नागरिक योजनेत न्या. तिमाहीला ४१ हजार व्याज येईल. फंड आहे तसा राहू द्या. आणि पतसंस्थेचे पत्र उद्याच द्या.