प्लॅन वाढवू का?

प्रश्न : आमचं घर जुनं, दगडी भिंतींचं आहे. फायबरचं कनेक्शन घेतलंय, 100 एमबीपीएसचा प्लॅन. राउटर पुढच्या खोलीत टीव्हीच्या मागे आहे, तिथे सगळं मस्त चालतं, पण मागच्या खोलीत मुलीचा ऑनलाइन क्लास सारखा अडकतो आणि रात्री आठनंतर तर बघायलाच नको. कंपनीवाले म्हणतात 200 चा प्लॅन घ्या. घेऊ का?
– एक वाचक, वाई

उत्तर : नका घेऊ ताई, निदान आत्ताच नका घेऊ. घरात येणारी लाइन वेगळी आणि घरात फिरणारं वायफाय वेगळं, आणि हे तुम्हाला कोणी सांगतच नाही याचा मला खरंच राग येतो. आधी एवढं करा, रात्री आठ-साडेआठलाच लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडा, लॅपटॉपचं वायफाय बंद करा आणि स्पीड टेस्ट घ्या. 90 च्या पुढे आलं तर लाइन चांगली आहे, मग प्लॅन दुप्पट करूनही मागच्या खोलीत काही फरक पडणार नाही. वायरवरही 10-20 च आलं तर मात्र तक्रार करा आणि तक्रारीचा नंबर लिहून ठेवा.

मला तरी भिंतीचाच संशय आहे. आजकालचे राउटर बहुधा दोन प्रकारचे वायफाय सिग्नल सोडतात, 5 गिगाहर्ट्झचा आणि 2.4 गिगाहर्ट्झचा. 5 चा वेगवान पण दगडी भिंतीत पार मरतो, मग मोबाइल 2.4 वर जातो आणि त्यात एकमेकांत न मिसळणारे चॅनल (म्हणजे सिग्नलच्या वाटा) तीनच, 1, 6 आणि 11, रात्री शेजारपाजारचे सगळे राउटर तिथेच गर्दी करतात. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन (पत्ता नि पासवर्ड बहुतेक खालच्या स्टिकरवर असतो) या तिघांपैकी मोकळा चॅनल निवडा, चॅनलची रुंदी 20 मेगाहर्ट्झ ठेवा. राउटर टीव्हीमागून काढून उंचावर, दाराच्या समोर येईल असा ठेवा. फक्त फायबरची वायर स्वतः ओढू नका, आत काच असते, जास्त वाकली की एलओएसचा (म्हणजे सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लागलाच म्हणून समजा.

एवढं करूनही अडकलं तर रिपीटर (वायफाय पकडून पुढे पाठवणारा डबा) घ्यायची घाई नको, साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो त्यामुळे स्पीड जवळपास निम्मा होतो. त्यापेक्षा दाराच्या चौकटीकडेने कॅट 6 प्रकारची लॅन केबल मागच्या खोलीत न्या, 100 मीटरपर्यंत काही अडचण येत नाही. माळ्यावर जुना राउटर पडला असेल तर अॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे केबलवरून आलेलं इंटरनेट वायफायने त्या खोलीत पसरवायला, तिथे लावा, आणि क्लासच्या वेळी मुलीचा लॅपटॉप सरळ त्या केबललाच जोडा.