अगदी कमी पैशांत पहिला चित्रपट करताना पैसा कुठे घालावा?

आधी आवाजावर. थोडं हललेलं दृश्य प्रेक्षक चालवून घेतो, न कळणारा संवाद नाही. कॅमेऱ्यावरच्या माइकचा आवाज फक्त संकलनात, वेगळा घेतलेला आवाज दृश्याशी जुळवण्यासाठी. संवाद बूम माइकने (लांब काठीला लावलेला माइक), बोलणाऱ्याच्या तोंडापासून दोन-अडीच फुटांच्या आत घ्या. रेकॉर्डरवर २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवा, आवाजाची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास. पंखा, फ्रिज बंद (गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवा, म्हणजे परत चालू करायचं विसरत नाही). प्रत्येक जागा सोडण्यापूर्वी सगळ्यांना गप्प बसवून खोलीचा नुसता आवाज ३० ते ६० सेकंद घ्या. तो नसला की प्रत्येक कटला मागचा आवाज तुटतो आणि संवाद चिकटवल्यासारखे वाटतात.

पटकथा दोन-तीन जागांत बसवा. सामान हलवण्यात अर्धा दिवस सहज जातो. जेवण मात्र कधीच कापू नका, बिनपैशांनी राबणारी माणसं पुढच्या चित्रपटालाही लागतात.

कलाकार, संगीत आणि जागेची लेखी परवानगी शूटिंगआधीच घ्या. एका गाण्याचे हक्क नसले तरी वितरक अख्खा चित्रपट नाकारू शकतो. आणि महोत्सवांना पाठवायचा असेल तर तो घाईने ऑनलाइन टाकू नका. बऱ्याच महोत्सवांना पहिलं प्रदर्शन आपल्याकडेच हवं असतं.