वह्या घे, बॅनर नको
अगं, संस्था नोंदवलीस, छान झालं. आता पालिका निवडणूक आली की इच्छुक वह्या देतील आणि वर स्वतःच्या फोटोचा बॅनर लावायला सांगतील. वह्या घे, बॅनर नको. आम्ही एकदा लावू दिला. विरोधी गटाची मुलं वर्षभर वर्गाकडे फिरकली नाहीत.

परदेशी देणगीचं तूर्त सोड. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीनंतर ते पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतच येतात. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. शिवाय मोठ्या संस्थेला तो निधी छोट्या संस्थेकडे वळवता येत नाही. खरा फटका आपल्यासारख्यांना तिथेच बसला.

आणि हो, वरळीला धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब वेळेत टाक. वाद झाला की आधी तेच उकरतात.